झेंडूच्या वाफ्यातलं 'पिक अप'

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत नापास झाले तर कॉलेज सोडायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. 'पिक अप'चे इतके अर्थ लक्षातच राहत नव्हते. झेंडू तोडता तोडता आई म्हणाली, "मला सांग, मंग राहतील."

मी सांगू लागले. पडलेलं उचलणं, फोन घेणं, कुणी न शिकवता शिकणं, कुणाला आणायला जाणं.

"म्हंजे मी रोज तुला आणायला फाट्यावर येते, तसं?"

परीक्षेत मी चाचरत तेच बोलले. बसला उशीर झाला तरी आई मला न्यायला उभी असते. मॅडम म्हणाल्या, "छान. पास."

संध्याकाळी आई फाट्यावर होतीच. "काय बोललीस गं?"

"तुझ्याबद्दल."

"माझ्याबद्दल? इंग्रजीत?"

मला तिचे आभार मानायचे होते, पण ती माझी बॅग खांद्याला लावून हसत पुढे चालू लागली.