उलटे पुठ्ठे

आमच्या पांढुर्ण्याच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. विहारातल्या कार्यक्रमांची, सभांची, मोर्च्यांची. त्यांच्या घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. 'पटलं नाही तर विचारा' ही ओळ बाबा बहुतेक पत्रकांत घालायचे. पुढं माझ्या भाषणांतही ती आली, चढ्या आवाजात.

वाचताना अडखळणाऱ्या मुलांना मी व्हिडिओ कॉलवर शिकवू लागले तेव्हा एक अडचण आली. पुठ्ठ्यावर शब्द लिहून कॅमेऱ्यासमोर धरला की माझ्या फोनवर तो आरशातल्यासारखा उलटा दिसे. मुलांनाही तसाच दिसत असणार, असं मी धरून चालले. म्हणून सगळे पुठ्ठे मुद्दाम उलट्या अक्षरांत लिहून काढले. आता माझ्या फोनवर ते सुलटे दिसत. स्वतःचं कौतुकही वाटलं.

बाकीची मुलं माझ्या मागोमाग शब्द म्हणून मोकळी होत. रामाकोना गावची एक मुलगी तेवढी पुठ्ठ्याकडं बघायची.

"ताई, हे उलटं हाय."

"नीट बघ."

"पाह्यलं ना. उलटंच हाय."

अशा काही मुलांचा अक्षरांच्या दिशेत गोंधळ होतो, असं मी नुकतंच वाचलं होतं. तिच्या आईला फोनवर बोलावून मी समजावलं, "हिला अक्षरं उलटी दिसतात, रागावू नका."

"म्हणूनच वाचत नाही मंग," आई म्हणाली.

मुलगी शेजारी बसून ऐकत होती. त्यानंतर तिनं काही म्हणणंच सोडलं.

पुढं एकदा बाबा सौसरला गेले होते. नव्या पत्रकाचा हातानं लिहिलेला कागद मी त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. माझ्या फोनवर तो उलटा दिसत होता, पण त्यांनी घडाघडा वाचला, वर एक चूक काढली.

"उलटं असून वाचता कसं?"

"उलटं कुठं हाय? मले तं सिधं दिसून राहिलं. तुयं डोकं फिरलं काय?"

म्हणजे उलटं फक्त माझ्याच फोनवर दिसत होतं, समोरच्याला नाही. फोन ठेवला आणि नवे पुठ्ठे लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी सुलट्या अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा धरला. 'घर'. तू बरोबर होतीस, चुकले मी, असं मुलीला सांगितलं. आईलाही सांगितलं. मुलगी माझ्याकडंच पाहत राहिली.

"वाच ना वं," आई मागून म्हणाली.

"ताई, पह्यले तुमी सांगा. मले उलटं दिसते ना."

मी शब्द सांगितला नाही. हात भरून आला तरी पुठ्ठा धरून बसले.

आता ती छोटे शब्द वाचते. पण आधी माझ्या तोंडाकडं पाहते, मग पुठ्ठ्याकडं.