घरत काकांचे ब्रेक पॅड

आमचा रविवारचा सायकल ग्रुप बोईसरचा. सायकल चालवून वजन कमी होतं म्हणतात, आमचं कुणाचंच झालं नाही. वाढले ते फक्त किस्से. त्यातले निम्मे एकट्या घरत काकांच्या डिस्क ब्रेकचे आहेत.

काका तारापूरच्या एका कारखान्यात पर्चेस खात्यात होते. उभी हयात मोठमोठ्या मशिनींचे पार्ट शोधण्यात गेली. रिटायर झाल्यावर मुलीने त्यांना डिस्क ब्रेकची सायकल घेऊन दिली आणि वर्षभरात ब्रेकचे पॅड झिजले. पॅड म्हणजे अंगठ्याच्या नखाहून जराशा मोठ्या दोन चकत्या. ब्रेक दाबला की चाकाच्या मधल्या तबकडीला दोन्ही बाजूंनी धरतात. काका म्हणाले, दुपारपर्यंत आणतो.

\*

पहिलं दुकान बोईसरमधलं, मोटरसायकलच्या पार्टचं. काकांनी डिस्क पॅड मागितले. दुकानदाराने विचारलं, कौनसी गाडी? काकांनी सांगितलं, सायकल. त्याने आधी काकांच्या हेल्मेटकडे बघितलं, मग गुडघ्यांकडे.

"अंकल, साइकिल में पैर लगाओ. रुक जाती है."

\*

ग्रुपमधली ब्रेकची जाणकार म्हणजे नीलम. ती औषधांच्या कारखान्यात लॅबला आहे आणि आमच्याशीसुद्धा लॅबमधल्यासारखीच बोलते. तिने बजावलं की प्रत्येक ब्रेकचा पॅड वेगळ्या आकाराचा असतो, दिसायला सारखा म्हणून चालत नाही, जुना पॅड शेजारी ठेवून जुळवायचा.

पण जुना पॅड दुकानात न्यायचा तर सायकल घरी ठेवावी लागणार, आणि काका पालघरला सायकलवरूनच जाणार होते. मग काकूंनी कणकेच्या गोळ्यावर पॅडचा छाप उठवून दिला. पॅड परत सायकलला, कणीक डब्यात. बोईसर ते पालघर ऊन मी म्हणत होतं. तिथल्या सायकलवाल्याने डबा उघडला, फुगलेल्या कणकेकडे बराच वेळ बघितलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "काका, या मापाचे पॅड ट्रकला लागतात."

\*

मग ऑनलाइन. फोटोत हुबेहूब तेच, पाकीट फोडलं तर पॅडचा वरचा कान नको त्या बाजूला. काकांनी ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन ते ग्राइंडरवर घासून घेतले आणि पुढे-मागे दोन्हीकडे बसवले. बसले, पण ब्रेक दाबला की फाटक्या पिपाणीसारखे किंचाळायचे.

माकुणसारच्या एका वळणावर काकांनी ब्रेक दाबला आणि एक आजी हातात ताट घेऊन लगबगीने बाहेर आल्या. बोंबील हायत काय, म्हणाल्या. काकांनी सायकलवरून उतरून त्यांना रीतसर समजावलं की आपण मासळी विकत नाही, हा ब्रेकचा आवाज आहे.

आजी म्हणाल्या, "मग बोंबील नाय तर बोंबलतोस कशाला?"

\*

जुळणारे पॅड शेवटी नीलमनेच मुंबईहून आणून दिले. पण त्याआधी सफाळ्याचा घाट झाला.

आजींचं बोलणं काकांना लागलं होतं. आवाज बंद करायचा म्हणून त्यांनी कुणाला न विचारता पॅडना खोबरेल तेल लावलं. आवाज खरंच बंद झाला. त्या रविवारी चढावर काका इतके शांत होते की आम्ही त्यांचं अभिनंदन केलं.

उतारावर नीलम नेहमी सगळ्यांच्या पुढे असते आणि काका सगळ्यांच्या मागे. त्या दिवशी काका सणकन मला ओलांडून गेले. मी कौतुकाने हात हलवला. मग दिसलं की त्यांचे दोन्ही पाय रस्त्यावर घासत चाललेत. पुढे वळण होतं आणि खालून एक टेम्पो चढत होता.

नीलमने मागे वळून बघितलं आणि क्षणात ओळखलं. "काका, डावीकडे! पेंढ्यात घाला!"

काकांनी हँडल फिरवलं, बांध ओलांडला आणि सायकलसकट पेंढ्याच्या उडवीत घुसले. बाहेर फक्त मागचं चाक, तेही फिरत असलेलं. आम्ही धावत गेलो. थोड्या वेळाने पेंढा हलला आणि काका बाहेर आले. धड होते. मिशीतली काडी काढत म्हणाले, "तेल जरा जास्त झालं."

तेवढ्यात शेताची मालकीण कोयता घेऊन आली. उडवी पार विस्कटली होती, आता बोलणी खायची म्हणून आम्ही माना खाली घातल्या. बाईने काकांकडे बघितलंसुद्धा नाही. ती थेट नीलमसमोर जाऊन उभी राहिली.

"ताय, आज तुझ्याबदली याला धाडलंस काय? पेंडा मातर तूच रचून जा, त्या दिवशीसारखा."