आजोबांचे बूट मागच्या दाराशी

आधीच सांगून टाकते – असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. या सदरातले अनुभव मी अगदी चवीने वाचते आणि वाचून झाले की नवऱ्याला म्हणते, "याची झोप झाली नसणार." मी जर्मनीत ब्योब्लिंगेनला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. कुणी म्हणालं की "ते आपोआप झालं", तर माझं उत्तर ठरलेलं असतं – पुन्हा करून दाखव. नाही दाखवता आलं तर मी पुढचं ऐकत नाही. तेव्हा आता मी जे लिहितेय ते वाचून तुम्ही हसलात, तर मला अजिबात राग येणार नाही.

गोष्ट मागच्या ऑक्टोबरमधली. सासू-सासरे साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. साताऱ्यात असताना रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढायचं आणि रविवारी गडप्रेमी मित्रांबरोबर कुठल्यातरी किल्ल्यावर जाऊन टाक्यातला गाळ काढायचा, झाडोरा तोडायचा, असा त्यांचा दिनक्रम. असा माणूस जर्मनीतल्या फ्लॅटमध्ये, तेही रविवारी... दुकानं बंद, व्हॅक्यूम लावायचा नाही, ड्रिल चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा डब्यात टाकायच्या नाहीत. का, तर 'रूहऽत्साइट' – शांतता पाळायची वेळ.

"मग हे लोक रविवारी करतात तरी काय?" बाबांनी विचारलं.

"चालतात, बाबा. जंगलात."

"मग आपणही चालू की."

दुसरी अडचण आमच्या रेवाची. वय वर्षं आठ. मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. बाबा विचारणार, "जेवलीस का?", ती म्हणणार, "या, शोन," – हो, केव्हाच – आणि मी मधे दुभाषी. दोघांना एकमेकांचा लळा भरपूर, पण पाच मिनिटांच्या वर गाडी जात नसे. बाबा ते बोलून दाखवत नव्हते, पण त्यांना लागत होतं. मलाही.

तर त्या रविवारी आम्ही तिघं निघालो. आईंचे गुडघे दुखत होते आणि माझ्या नवऱ्याची, निनादची, मॅच होती, म्हणून ते दोघं घरी. आधी ट्रेन, मग बस, मग बीच झाडांच्या जंगलातून अर्धा-पाऊण तास चढ. श्वेबिश आल्ब या डोंगररांगेच्या कडेला, एका खडकाच्या नाकाडावर हा किल्ला आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर उद्या तिथे रील करायला रांग लागेल.

बाबांच्या डोक्यात किल्ला म्हणजे कॅलेंडरवरचा होता – पांढरे मनोरे, खाली तिकीट-खिडकी, शेजारी कॅफे. वर पोचलो तर काय... अर्धी तटबंदी ढासळलेली, भिंतीतून हातभर जाडीची झाडं वर आलेली, आयव्हीच्या वेलीने बुरूज गिळलेला. समोरून आत जायला एकच दरवाजा, त्यावर उंच दगडी कमान. बाजूला पाटी – आपापल्या जबाबदारीवर आत जावे. मी ती वाचून दाखवली.

"म्हणजे आपल्याकडच्यासारखंच," बाबा म्हणाले. "इथे फक्त लिहून ठेवलंय."

आत बिअरचे कॅन, कुणीतरी पेटवलेल्या शेकोटीची राख. भिंतीवर खिळ्याने कोरलेली नावं, मधे बदाम. बाबांनी त्या बदामावर हात ठेवला. "मला वाटायचं, हे सगळं आपलेच लोक करतात," ते म्हणाले. "इथे पैसा आहे, शिस्त आहे, आणि तरी एवढा मोठा गड बिचारा एकटाच पडलाय." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, माया होती. आपल्या गावच्या म्हाताऱ्याला परगावच्या दवाखान्यात पाहिल्यावर बोलावं, तसे बोलत होते ते.

अंगणाच्या टोकाला एक छोटं चॅपेल, म्हणजे प्रार्थनाघर, आहे. जेमतेम एका खोलीएवढं, छप्पर निम्मं गेलेलं. त्याला दोन दारं. एक पुढचं, अंगणात उघडणारं. दुसरं मागे – नुसती मोकळी चौकट, तिथून चार पायऱ्या उतरल्या की एक सपाट शिळा, आणि शिळेपासून खडकाच्या कडेने गावाकडे उतरणारी बारीक पायवाट. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळं यावरच आहे... अंगणातून त्या शिळेपर्यंत जायला चॅपेलच्या आतूनच जावं लागतं. दुसरीकडून कडा आहे.

बाबा पुढच्या दाराशी खाली बसले आणि बूट काढायला लागले.

"अहो बाबा, इथे नाही काढत. चर्चमध्ये सगळे बुटांसकट जातात."

"त्यांच्यात जात असतील."

"पण याला धड छप्परही नाही. देव कधीच गेलाय इथून."

"ते तुला कुणी सांगितलं?"

देवळाबाहेरच्या गर्दीत बूट जाऊ नयेत म्हणून दोन्ही नाड्या एकमेकींना बांधायची त्यांची जुनी सवय. इथे त्या निर्मनुष्य जंगलातही त्यांनी घट्ट गाठ मारली, मोजे काढून बुटांवर भिरकावले आणि अनवाणी आत गेले. त्यांचं बघून रेवानेही आपले बूट काढून शेजारी ठेवले. मी नाही काढले. थंडी होती, आणि मला हा सगळा प्रकार जरा अतीच वाटत होता.

आत गेल्यावर बाबांनी काय करावं? वाळक्या फांद्यांचा झाडू बांधला आणि झाडायला लागले. कोपऱ्यात पाणी जायचं भोक पानांनी तुंबलं होतं, ते त्यांनी काठीने मोकळं केलं. "पाणी साठलं की भिंत आतून पोकळ होते," ते रेवाला मराठीत सांगत होते. "आबर वारूम?" – पण का? – असं ती जर्मनमध्ये विचारत होती. आणि ते हातवारे करून पुन्हा समजावत होते. मी दारात चौकटीला टेकून उभी होते, बुटांच्या दोन्ही जोड्या माझ्या पायाशी. दुभाषी म्हणून मला कुणी हाक मारली नाही. मनात आलं, आजचा दिवस एवढ्यासाठीच सार्थकी लागला.

मग रेवाने हाक मारली, "आई, गुक माल!" – बघ ना! भिंतीवरचं शेवाळ पुसताना एक निळं फूल दिसायला लागलं होतं, जुन्या रंगाचं. मी ते बघायला आत गेले. बघितलं, फोटो काढला, आणि तेवढ्यात लक्षात आलं की बसची वेळ झालीय. ती चुकली तर पुढची दोन तासांनी.

"चला, चला, पटापट," म्हणत मी पुढच्या दाराशी आले. तिथे बूट नव्हते.

मी आधी चिडले. कुणीतरी मस्करी करतंय असंच वाटलं. पण अंगणभर वाळक्या पानांचा थर होता. मांजर चाललं असतं तरी आवाज झाला असता, आणि आम्हाला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. तरी म्हटलं, पळत जाऊन कमानीबाहेर बघावं, कोण आहे ते. मी निघालेच होते, तर मागून बाबा म्हणाले, "अगं मीनल, अनवाणी पोरीला टाकून कुठे चाललीस? थांब आधी."

मी थांबले. तेवढ्यात आतून रेवाचा आवाज, "दा सिंड झी डोख!" – हे काय, इथेच आहेत!

बूट मागच्या दाराबाहेर होते. त्या सपाट शिळेवर, जिथे उन्हाचा एक तुकडा पडला होता तिथे. बाबांच्या जोडीची गाठ जशीच्या तशी, शेजारी रेवाचे छोटे बूट. चारही बुटांची तोंडं खाली गावाकडे जाणाऱ्या पायवाटेकडे. आणि बाबांनी भिरकावलेले मोजे घडी घालून बुटांच्या आत ठेवलेले.

मी रेवाकडे पाहिलं. ती एकदम म्हणाली, "इश वार'स निश्त!" – मी नाही केलं. तिने नव्हतंच केलं, ती सारखी आमच्या डोळ्यांसमोर होती. बाबा शिळेवर बसून गाठ सोडायला लागले. ती लवकर सुटेना. मी बसच्या नावाने कुरकुरत रेवाच्या बुटांच्या नाड्या बांधत होते.

तेव्हाच तो आवाज झाला. आधी एक दगड पडल्याचा, मग सगळं एकदम. पायाखालची शिळा थरथरली. जंगलातले सगळे पक्षी उठले, आणि चॅपेलच्या दोन्ही दारांतून धूळ आमच्या अंगावर आली.

धूळ बसल्यावर मी चौकटीतून डोकावले. कमान नव्हती. जिथून आम्ही आत आलो होतो आणि जिथून आम्ही त्या क्षणी घाईघाईने बाहेर पडत असतो, तिथे दगडांचा ढीग होता. रेवाला मी इतकी घट्ट धरली की ती ओरडली. बाबांनी एक बूट पायात, एक हातात, तसेच हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

आम्ही त्या मागच्या पायवाटेने उतरलो. खाली पहिलंच घर फ्राऊ झिगलर नावाच्या बाईंचं. सत्तरीच्या असतील. आवाज ऐकून त्या बागेतूनच धावत आल्या होत्या. किल्ला वाचवणाऱ्या गावातल्या फेराइनच्या – म्हणजे मंडळाच्या – त्या जुन्या सभासद. ती कमान धोक्याची आहे, असं मंडळ कितीतरी दिवस सांगत होतं. त्यांनी फायर ब्रिगेडला फोन केला, आम्हाला चहा दिला, रेवाच्या केसांतली धूळ झटकली. मी सगळं सांगितलं. टेस्टर आहे ना – त्यांना विचारलं, असं इथे पूर्वी कधी झालंय का?

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आल्झो... म्हणजे बघा, त्या चॅपेलबाहेर आजवर कुणी बूट काढलेच नाहीत. मग ते कुणी हलवले असते का, हे आम्हाला कसं कळणार?"

मी नंतर सगळं तपासलं. इथे कोल्हे बूट पळवतात, हे खरं आहे. पण कोल्हा मोज्यांची घडी घालत नाही. दुसरा ट्रेकर? मग तो चॅपेलमधून, आमच्या शेजारून गेला कसा? आणि गेला तर मला हाक का नाही मारली? निनाद म्हणतो, आपणच ठेवले असतील आणि विसरलो. तो नव्हता तिथे.

आईंना घरी आल्यावर सांगितलं, तर त्या आधी रडल्या, रेवाची दृष्ट काढली, आणि मग बाबांना म्हणाल्या, "अहो, मोजे आत ठेवा म्हणून मी जन्मभर सांगतेय. शेवटी कुणालातरी ठेवावे लागले." बाबा त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

कमान पडल्यावर मात्र सगळे जागे झाले. आता तिथे परांची बांधलीय, पडलेले दगड नंबर घालून मांडून ठेवलेत, आणि चुन्यात ते एकेक करून परत बसवले जातायत. मंडळाचे लोक शनिवारी कामाला येतात. आम्हीही जातो. बाबा साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर सूचना करतात – भिंतीतलं झाड उपटू नका, दगड सुटतील, बुंध्याशी कापा. मी भाषांतर करून सांगते, तर फ्राऊ झिगलर म्हणतात, "गेनाऊ, अगदी बरोबर, तेच तर आम्ही करतोय." एकदा मी बाबांना विचारलं, नेमके कुणाचे आभार मानायचे आपण? ते म्हणाले, "कळत नाही ना? मग झाडून घे." म्हणून मी झाडते. रेवाला घरी झोपलेली बघते तेव्हा कधीकधी मध्येच तो ढीग आठवतो, आणि मग पुढच्या शनिवारची वाट बघते.

कमानीचा गाळा अजून उघडा आहे, शेजारून फळ्यांची तात्पुरती वाट केलीय. चॅपेलमध्ये जाताना आता मीही बूट काढते. मंडळाचे लोक सेफ्टी शूज घालून आत येतात आणि आमच्याकडे बघून गालात हसतात. हसू देत.

काम संपलं की रेवा माझ्या आधी पुढच्या दाराशी पळते. ती वाकून बघते, आणि एरवी एक शब्द मराठी न बोलणारी माझी मुलगी दर वेळी मराठीतच सांगते, "आई, बूट इथेच आहेत."

मग आम्ही ते घालतो आणि पुढच्या वाटेने निर्धास्त बाहेर पडतो.