तीन अक्षरी उत्तर

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक फळा होता. सोसायटीने तो पाण्याच्या वेळा लिहायला लावला होता, त्यामुळे येताजाता प्रत्येक जण त्याच्याकडे नजर टाकायचाच. बाबांनी याचा गैरफायदा घेतला. 'पाणी सकाळी सहा ते सात' याच्या खाली एके दिवशी त्यांच्या ड्रॉइंगसारख्या रेखीव अक्षरांत आणखी एक ओळ उमटली: 'उंबरठा. भारत.'

पुढचे दोन दिवस इमारतीत मोठी खळबळ माजली. सेक्रेटरींना वाटलं, दाराबाहेर चपला काढण्याबद्दल कुणाची तरी तक्रार आहे. पहिल्या मजल्यावरच्या लोकांनी तर चपला उचलून घरात नेल्या. तिसऱ्या दिवशी बाबांनी खाली उत्तर लिहिलं, 'देहली'. संस्कृतात देहली म्हणजे उंबरठा आणि देहली म्हणजेच आपली राजधानी, असा खुलासा त्यांनी जिन्यात उभं राहून केला. तो ऐकून लोकांनी चपला पुन्हा बाहेर आणून ठेवल्या. दुसऱ्या मजल्यावर भूगोलाचे एक मास्तर राहायचे. ते म्हणाले, "दिल्लीला दोनच अक्षरं असतात. आधी अक्षरं सांगत जा, म्हणजे लोकांची फसवणूक होणार नाही." तेव्हापासून बाबा प्रत्येक कोड्यापुढे अक्षरं लिहू लागले.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. बाबा नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. भोकाचा व्यास केसभर जरी चुकला तरी ते माल परत पाठवायचे. तिथे त्यांचं काम इतकं सरळ होतं, की घरी येईपर्यंत त्यांचा सरळपणाचा साठा संपलेला असायचा. "चहा टाकू का?" या प्रश्नालाही त्यांच्याकडून हो किंवा नाही असं उत्तर येत नसे. आई म्हणायची, "या माणसाने लग्नाला होकार दिला, तो माझ्या वडिलांना दोन दिवसांनी समजला."

राजधान्यांचंच वेड का, हे मात्र कुणालाच कळलं नाही. त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता. कंपनीच्या कामासाठी एकदा कोइमतूरला गेले होते, तेवढाच त्यांचा परदेश. पण एक जाडजूड नकाशांचं पुस्तक होतं आणि ते मांडीवर घेतलं की त्यांना हाक ऐकू येत नसे. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा जगाला काळजी लागली. बाबांना एका झटक्यात चौदा नव्या राजधान्या मिळाल्या, ते चांगलेच खुशीत होते.

फळ्यावरची काही कोडी मला अजून पाठ आहेत. 'कैरीचा नवरा, आफ्रिकेत, दोन अक्षरी.' म्हणजे कैरो. 'लसूण हातात दिल्यावर मिळणारा हुकूम, कोरिया, दोन अक्षरी.' म्हणजे सोल. 'रांगेत उभं राहून म्हटलेल्या दोन ओळी, दोन अक्षरी.' हे मास्तरांना सुटलं. रांग म्हणजे कतार, आणि कतारची राजधानी दोहा. 'दहाच्या पुढचं शहर, घाना, तीन अक्षरी' या कोड्यावरून मात्र जोरदार वाद झाला. बाबांचं उत्तर 'अकरा', मास्तरांचं म्हणणं 'अक्रा'. मास्तरांनी रागाने एक अक्षर पुसलं, बाबांनी ते पुन्हा लिहिलं, आणि या झटापटीत पाण्याची वेळ पुसली गेली. दुसऱ्या दिवशी अर्धी इमारत बिनआंघोळीची राहिली.

मी स्वतःच्या बळावर सोडवलेलं पहिलं कोडं तिसरीतलं. 'नको नको म्हणत हात पुढे करणाऱ्या पोराला आई काय विचारते? क्यूबा, तीन अक्षरी.' मला क्यूबा कुठे आहे ते माहीत नव्हतं. पण त्याच दुपारी मी आईवर रुसून बेसनाचा लाडू नको म्हणालो, हात मात्र पुढेच होता. आई हसून म्हणाली, "हवा ना?" मी लाडू तिथेच टाकून खाली पळालो. बाबांनी खडू माझ्या हातात दिला आणि 'हवाना' मला स्वतःला लिहू दिलं. मी 'वा' एवढा मोठा काढला की 'ना' खाली कोपऱ्यात लिहावा लागला. तो दिवस फार छान होता. त्यानंतर बराच काळ मला वाटत राहिलं, की बाबांची भाषा येणारा जगात मी एकटाच आहे.

त्यांचा एक नियम होता, तो कारखान्यातून आलेला. भोक तपासायचं जे गेज असतं त्याला दोन टोकं असतात. एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं अडकलं पाहिजे, तरच माल पास. "कोड्याचंही तसंच," ते म्हणायचे. "चौकटीत बसतंय म्हणून उत्तर बरोबर, असं नसतं. दुसरं टोक लावून बघ." मी मान डोलवायचो. मान डोलवायला अक्कल लागत नाही.

बारावी झाल्यावर मी इंजिनिअरिंगचा फॉर्म भरलाच नाही. पुण्याला जाऊन जाहिरातींचं काम शिकायचं ठरवलं आणि हे घरी सांगितलं ते फॉर्मची मुदत टळल्यावर. म्हणजे तिरकेपणात मी वडिलांच्या पुढेच एक पाऊल होतो, पण तेव्हा हे सुचलं नाही. बाबांनी चार दिवस एकही कोडं लिहिलं नाही. फळ्यावर फक्त पाण्याची वेळ राहिली. पाचव्या दिवशी मी बॅग भरली, त्यांच्या खुर्चीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मी तुम्हाला हवाय की नकोय, तेवढं एकदा सरळ सांगा."

त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला.

"तीन अक्षरी," ते म्हणाले.

मी बॅग उचलून निघालो. सिन्नरच्या पुढे गाडीने वेग घेतल्यावर मी बोटांवर मोजलं. न-को-स. बरोबर तीन. चौकटीत अगदी नीट बसत होतं. मला रडू आलं, आणि शेजारच्या बाईंनी माझी उलटीची वेळ आली असं समजून खिडकीची जागा दिली.

पुढची नऊ वर्षं आम्ही फार सभ्यपणे वागलो. मी दिवाळीला यायचो, ते स्टँडवर घ्यायला यायचे, माझी बॅग माझ्या हातातून काढून घ्यायचे आणि रस्ताभर हवामानाबद्दल बोलायचे. मी फोन केला की "देतो" म्हणून रिसीव्हर आईकडे द्यायचे. जिन्याखालून जाताना मी फळ्याकडे बघत नसे. पुण्यात मी साबणाच्या आणि पंख्यांच्या जाहिरातींसाठी शब्दांच्या कोट्या लिहून पोट भरत होतो. हा गुण कुणाकडून आला असं कुणी विचारलं, की मी विषय बदलायचो.

मग एका सकाळी आईचा फोन आला. बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. मी पोहोचलो तेव्हा त्यांचा उजवा हात चादरीवर निपचित पडला होता आणि तोंड एका बाजूला किंचित ओघळलं होतं. डॉक्टर तरुण होते, मराठी बोलायचे पण या गावचे नव्हते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "बोलणं आहे, अडखळत का होईना. पण समज किती शाबूत आहे ते बघावं लागेल. सकाळपासून काका काहीतरी असंबद्ध बोलतायत." मी हो म्हणालो. बाबांची समज गेली असेल तर माझ्याशी बोलायचं जे राहिलं होतं तेही गेलं, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. मला फार भीती वाटली.

डॉक्टरांच्या हातात प्रश्नांचा छापील कागद होता. ते वाकून मोठ्याने म्हणाले, "काका, आज वार कोणता?"

बाबांनी ओठांवरून जीभ फिरवली. "बाजाराचा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी कागदावर फुली मारली. तो बुधवार होता. नाशिकमध्ये नदीकाठचा बाजार बुधवारी भरतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण ते कागदावर छापलेलं नव्हतं.

"बरं काका, आपल्या भारताची राजधानी कोणती?"

आई पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. "अहो, नीट सांगा ना," ती म्हणाली. आयुष्यभर तिने त्यांना हेच सांगितलं होतं.

बाबांचे ओठ हलले. शब्द जड होता, घासत बाहेर आला. "उंबरठा."

दुसरी फुली पडली. डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या कळवळ्याने पाहिलं, त्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. आई रडायला लागली. आणि मला हसू फुटलं, इतकं की नर्सने दार ढकलून आत डोकावून पाहिलं. मी डॉक्टरांना देहली सांगितली, फळा सांगितला, चपलासुद्धा सांगितल्या. ते शांतपणे ऐकत राहिले. बापाचा आजार काही मुलांच्या डोक्यावर परिणाम करतो, हे बहुधा त्यांना शिकवलेलं असावं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "शेवटचा प्रश्न." त्यांनी माझा दंड धरून मला पलंगाजवळ ओढलं. "काका, हा कोण?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चष्मा आईच्या पर्समध्ये होता, त्यामुळे ते डोळे बारीक करून बघत होते. डावा हात चादरीवरून हळूहळू पुढे सरकला.

"क्यूबा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी पेन उचललं. मी बोटांवर मोजायला लागलो, ह-वा, आणि दुसऱ्याच बोटावर माझं बोट थांबलं. नऊ वर्षांपूर्वी सिन्नरच्या पुढे मी गेजचं एकच टोक लावून बघितलं होतं. मी तो डावा हात धरला. तो गरम होता, आणि त्याने मला घट्ट धरलं.

"क्यूबा म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं. फुली मारायची की नाही याबद्दल आता त्यांना खात्री वाटत नव्हती.

"मी मुलगा आहे त्यांचा," मी म्हणालो. "तेच सांगतायत ते."

डॉक्टरांनी तेवढंच लिहून घेतलं.