सुमिनोला बसवलं तेव्हा

कानाझावाच्या आमच्या या गेइशांच्या घरात सुमिनो माझ्या आधी आली. नोतोच्या किनाऱ्यावरची कोळ्याची पोर. पाय म्हणून एका जागी ठरायचे नाहीत. जेवता जेवता उठायची, केस बांधून घेताना उठायची. "अगं, बुडाखाली निखारे ठेवलेत का कुणी?" घराची मालकीण ओरडायची. तिला आम्ही सगळ्या आईच म्हणतो. पण हीच पोर नाचायला उभी राहिली, की शिकवणाऱ्या बाईसुद्धा ओरडायचं विसरायच्या.

मग ती उंच होत गेली. थांबेचना. एक दिवस बाईंनी तिला ओळीतून बाजूला काढलं.

"शेजारच्या दोघी तुझ्या लेकी वाटतात. उद्यापासून शामिसेन घे. बसून वाजव."

"बाई, वाकून नाचते की!"

"वाकायला म्हातारी झालीस का?"

त्या हिवाळ्यात ती घरभर नुसती भिरभिरायची. गुडघे दुमडून बसली की पायांना मुंग्या, आणि तारा छेडल्या की लय पुढे धावायची. घरातल्या थोरल्या गेइशेच्या, सुमिहाताईच्या हाताखाली ती तयार होत होती. ताई वैतागायची, "मी नाचू की पळू? गाडी चुकतेय का तुझी?"

एकदा खरंच गाठोडं बांधून ती स्टेशनवर गेली. फलाटावर येरझारा घातल्या आणि गावाची गाडी आली तशी परत फिरली. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "गाडीतही बसायचंच ना!"

पुढे एका मेजवानीत ताई नाचत असताना एक पाहुणा झिंगून पुढे कलला आणि तिची लांब बाही त्याच्या गुडघ्याखाली सापडली. ताई अर्ध्या वळणात अडकली. सुमिनोनं तीच ओळ पुन्हा वाजवली, सावकाश, जणू गाण्यात ती तशीच होती. ताईनं बाही सोडवली, वळण पुरं केलं. पाहुण्यांना पत्ताही लागला नाही.

जिन्याखाली ताईनं तिला गाठलं. "माझ्याकडे बघत होतीस?"

"तुमच्या पायांकडे. दुसरीकडे नजर जातच नाही माझी."

ताई बाही सावरत जिना चढून गेली. पण पुढच्या बोलावण्याला साथीला तिनं सुमिनोच मागितली. मग बाकीच्याही मागू लागल्या.

आता ती स्थिरावली, असं गल्लीत म्हणतात. मला नाही वाटत. आई थकलीय, घर आता सुमिनोनं सांभाळावं म्हणते. "बघते, विचार करते," म्हणून सुमिनो छत्री उचलून आसानो नदीच्या काठाकाठानं भराभर चालत सुटते. आईनं परवा पुन्हा विचारलं. सुमिनोनं छत्री उचलली.