उलटा काता

पुण्याला निघालेला आमचा टेम्पो कारखान्याच्या गेटबाहेर पडला तेव्हा माझी चुलत बहीण स्वाती निरोपाला आली नाही. ती यार्डातच, छावणीतल्या जनावरांपलीकडे, एकटी काता करत होती. काता म्हणजे कराटेतल्या ठरलेल्या हालचालींची मालिका. आम्ही दोघी मिळून शिकलो होतो. काकू मात्र टेम्पोपर्यंत आली. "तिकडं तोंड उघडत जा गं बाई. न्हाईतर लोक म्हणतील, मुकी पोरगी आणली." मी हसले, पण लक्ष स्वातीकडे होतं. माझ्याशिवाय तिचं नीट चाललेलं बघून मला राग आला.

पप्पा सहकारी साखर कारखान्यात क्लार्क, म्हणून मी कारखान्याच्या इंग्रजी शाळेत. स्वाती पाटोद्याकडच्या गावात, मराठी शाळेत. त्या दुष्काळात ऊसच नव्हता. कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, आणि उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या यार्डात चारा छावणी लागली. काका-काकू स्वातीसकट म्हशी घेऊन तिथंच राहायला आले. शाळेच्या लायब्ररीतलं कराटेचं इंग्रजी पुस्तक मी वाचून सांगायचे, स्वाती करून बघायची. तिची लाथ खांद्यापर्यंत सहज जायची, माझी कमरेपाशी अडायची. पण "यात काय लिवलंय?" हे ती मलाच विचारायची. तेवढ्यावर मी तग धरून होते. पुस्तकात नुसते ठोसे आणि लाथा होत्या. काता आम्ही पप्पांच्या मोबाइलवरच्या एका जपानी व्हिडिओवरून उचलला.

कारखाना बंद म्हणून पप्पांनी पुण्यात नोकरी धरली. तिथं सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये कराटेचा क्लास होता. पहिल्याच दिवशी माझा काता बघून सर म्हणाले, "बेटा, हा तर पूर्ण मिरर इमेज आहे." व्हिडिओतला माणूस आमच्याकडे तोंड करून उभा असायचा. त्यानं उजवा हात उचलला की आम्ही त्याच्या समोरचा, म्हणजे डावा उचलायचो. आरशात बघावं तसं. तो काता अंगातून काढून टाकायला मला खूप दिवस लागले. मग सगळं सफाईदार झालं, कोरा युनिफॉर्म, कोरा बेल्ट, आणि कुणीही मला काही विचारेना.

तिकडे स्वाती दूध सोसायटीच्या हॉलमध्ये गावातल्या पोरींना शिकवायला लागली. काकूनं फोटो पाठवला. मी तो मोठा करकरून पाहिला. सगळ्या पोरींचा डावा हात पुढे. मला बरं वाटलं. हे तिला कुणीतरी सांगावं, आणि चारचौघांत सांगावं, असंही वाटलं.

काही वर्षांनी बीडला बाहेरच्या एका सरांचं कराटेचं सेमिनार ठरलं. स्वाती पोरींना घेऊन येणार हे कळल्यावर मी ऑफिसात रजा टाकून गेले. काता सुरू झाला. सगळा हॉल एकीकडे वळला, स्वातीची रांग दुसरीकडे. ती आणि मी समोरासमोर आलो.

"कावून गं, उलटी कावून फिरलीस?" तिनं मलाच विचारलं.

"उलटी तू आहेस," मी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

हॉल हसला. व्हिडिओचं मी समजावून सांगितलं. स्वाती सगळ्यांपेक्षा जोरात हसली. "आगं माय! म्हंजे आमी सगळ्याच डावऱ्या!" दुपारभर ती शेवटच्या रांगेत नवशिक्यांबरोबर सरळ काता शिकत उभी राहिली. शेवटी सरांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि तिला एकटीला पुढे बोलावलं. तिनं काता सरळ केला. मग न थांबता उलटा केला. ती कुठे चुकते याची मी वाट बघत होते. ती चुकली नाही.

"आता उलटा सोडून दे ना," मी बाहेर आल्यावर म्हणाले.

"कावून सोडू? आलाय की."

त्या संध्याकाळी गावात काकूच्या अंगणात, कुणी बघत नसताना, मी तो जुना, उलटा काता करून पाहिला. दुसऱ्या वळणाच्या पुढे शरीर जाईना.

पुण्यात लोक विचारतात, तुमचं घर कुठलं. मी बीड सांगते. घर म्हणजे मला दूध सोसायटीचा तो हॉल दिसतो, जिथं माझ्या अंगातून गेलेला उलटा काता अजून पोरी रोज करतात, स्वातीकडून शिकून. आणि मला ते अजूनही बघवत नाही.