सर्कशीतला सत्कार

चहा ओतताय ना, मग सांगूनच टाकतो. नाहीतरी गोष्ट सगळ्या किचनर गावभर पसरलीच आहे आणि प्रत्येकाने तिच्यात आपल्या पदरचं काहीतरी घातलं आहे. तेव्हा मूळ गोष्ट एकदा ऐकून घ्या. मूर्खपणा मी स्वतः केलेला असल्यामुळे ती माझ्याकडेच आहे.

तुम्हाला माहीत आहे, मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तपासणी विभागात. एखादा भाग केसभर वाकडा गेला तरी मला जेवण गोड लागत नाही. असा माणूस एक साधी गोष्ट न तपासता... पण थांबा, क्रमाने सांगतो.

आमच्या केतकीला विचेत आवडला. विचेत जन्माने इथलाच, कॅनडाचा, आईवडील कंबोडियाचे, ख्मेर. मुलगा गुणी. सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, तो पहिल्याच भेटीत पसंत पडला. मलाही पडला. अडलं होतं ते त्याच्या वडिलांपाशी. त्यांचं नाव सोखा. आयुष्यभर फर्निचरच्या फॅक्टरीत काम केलेला, अगदी मितभाषी माणूस. ते लग्नाला नाही म्हणत नव्हते आणि हो पण म्हणत नव्हते. आमच्याकडे यायचं ठरलं की त्यांना सर्दी व्हायची.

"बाबा, ही इज स्केअर्ड ऑफ यू," केतकी एकदा म्हणाली.

"मला? मला तर तूसुद्धा घाबरत नाहीस!"

"इंजिनिअर फॅमिली, एवढी पुस्तकं, बिग बिग इंग्लिश. त्यांना वाटतं, तुम्ही त्यांना लुक डाउन कराल. आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय विचेत लग्न करणार नाही. मी पण नाही."

म्हणजे बघा, पोरीचं लग्न कशावर अडलेलं? मी चांगला माणूस आहे, हे एका माणसाला पटण्यावर!

गेल्या उन्हाळ्यात इथल्या ख्मेर मंडळींनी एका कम्युनिटी सेंटरमध्ये कार्यक्रम ठेवला. बाहेर पार्किंग लॉटमध्ये रस्त्यावरच्या खाण्याचे स्टॉल आणि आत हॉलमध्ये कंबोडियाहून आलेली सर्कस. सोखांच्या घरचे सगळे तिथे कामाला असणार होते. त्यामुळे त्या दिवशी सर्दीची सोय नव्हती. केतकीने मला बजावलं, "जस्ट ईट, से हाय, वॉच द शो. नो भाषण, बाबा. प्रॉमिस?"

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे प्रॉमिस नव्हे, हे माझं मत आजही कायम आहे.

आता माझी बाजूही ऐका. माणसाला मान दिला की त्याची भीती जाते. आणि आपल्याकडे मान देतात कसा? शाल आणि श्रीफळ! आमच्या मराठी मंडळात सत्कार हे माझं खातं. गायक आला, सत्कार. नाटकवाले आले, सत्कार. एकदा हॉलचं हीटिंग दुरुस्त करणाऱ्याचाही मी सत्कार केला होता आणि तो बिचारा शाल पांघरून शिडीवर चढला होता. आमच्या बेसमेंटमध्ये विंटर टायरांच्या शेजारी शालींचा खोका कायम भरलेला असतो. त्यातली एक बरी शाल काढली, इंडियन ग्रोसरीतून शेंडीवाला नारळ आणला आणि दोन्ही एका पिशवीत घातलं.

"अहो, पिशवीत काय आहे?" गाडीत बसताना सुनंदाने विचारलं.

"स्वेटर."

"जुलैत?"

"हॉलमध्ये एसी असतो."

ती माझ्याकडे नुसतं बघत राहिली. संसाराला इतकी वर्षं झाली की बायका भांडत नाहीत, नोंद घेतात.

तिथे पोचलो तर सगळा पार्किंग लॉट धुराने आणि वासाने भरलेला. आपण चहात घालतो तो गवती चहा ही मंडळी वाटून मांसाला चोळतात आणि काड्यांवर भाजतात. कणसं निखाऱ्यावर, वरून नारळाचं दूध. केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात, आत केळं. आणि एका परातीत तळलेले रातकिडे! स्टॉलवाल्या बाईने एक पुढे केला. नको म्हणावं तर लुक डाउन केल्यासारखं दिसणार. खाल्ला. कुरकुरीत होता, लसणीची चव होती. याहून जास्त चौकशी मी जिभेकडे केली नाही.

एवढ्यात सुनंदा ओरडली, "अहो, हे तर आपले आप्पे!"

खरंच की! तसंच खड्ड्याखड्ड्यांचं भांडं, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, कांद्याची पात. एक ठेंगणीशी बाई चौकड्यांच्या फडक्याने ते गरम भांडं धरून आप्पे उलटत होती. सुनंदाने पदर खोचला, म्हणजे ओढणी खोचली, आणि तिच्या हातातली काडी घेऊन स्वतःच उलटायला लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी एकसारख्या बोलत होत्या.

तेवढ्यात स्टॉलवरचा बर्फ संपला. केतकी आणि विचेत आणायला निघाले. "बाबा, डोंट मूव्ह. आल्यावर मी इंट्रोड्यूस करते."

आता तुम्हीच सांगा, मी थांबायला हवं होतं की नाही? हवं होतं. पण आमच्या मंडळाचा नियम आहे, सत्कार कार्यक्रमाच्या आधी. नंतर ठेवला तर लोक पार्किंगकडे पळतात. शो सुरू व्हायला थोडाच वेळ होता. मी पिशवी उचलली आणि हॉलमध्ये शिरलो.

सोखांना मी पाहिलेलं नव्हतं. घरात त्यांचा एकच फोटो होता, तोही बर्फ शोव्हल करतानाचा. टोपी, मफलर आणि मधे नाक. मात्र एक खूण केतकीने सांगितली होती. त्यांच्या गळ्यात नेहमी लाल-पांढऱ्या चौकड्यांचा पंचा असतो, त्याला ते लोक क्रमा म्हणतात.

हॉलमध्ये मधे रिंगण सोडून खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत कडेला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, वाकलेली पाठ, हातात काठी, गळ्यात लाल-पांढरा पंचा. चेहऱ्याला पावडर जरा जास्त होती, पण आपल्याकडेही उन्हाळ्यात वडीलधारी मंडळी लावतातच की!

"मिस्टर सोखा?"

त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी?

"येस, येस! आय अ‍ॅम द गर्ल्स फादर!"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. केतकीने घाबरतात म्हटलं होतं, पण इतके!

मी हात जोडून नमस्कार केला. त्यांनीही केला, त्यांच्यातही हात जोडूनच करतात. मी थोडा वाकलो. ते जास्त वाकले. मुलीच्या बापाने कमी वाकून कसं चालेल? मी आणखी वाकलो. शेवटी दोघांची कपाळं जवळजवळ जमिनीला टेकली. आजूबाजूचे लोक हसायला लागले. मला वाटलं, कौतुकाने.

सत्काराला फोटो हवा. तेवढ्यात बेसबॉल कॅप घातलेले एक साधेसे गृहस्थ कणीस खात खात शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. मी माझा फोन त्यांच्या हातात दिला. "व्हिडिओ, प्लीज. आडवा धरा. कोकोनट मस्ट बी व्हिजिबल." त्यांनी निमूटपणे कणीस खुर्चीवर ठेवलं, हात पँटला पुसले आणि फोन धरला.

मी सुरुवात केली. "रिस्पेक्टेड सर! टुडे टू फॅमिलीज आर बिकमिंग वन. युअर सन इज अ जेम. अवर डॉटर इज नाऊ युअर डॉटर."

म्हाताऱ्यांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी पंच्याने डोळे पुसले. मग तो पंचा पिळला आणि त्यातून पाणी पडलं. चांगलं ओंजळभर! माझेही डोळे भरून आले. इतक्या हळव्या माणसाला आपण इतके दिवस घाबरवून ठेवलं!

"सॉरी," कॅपवाले हळूच म्हणाले. "नो रेकॉर्ड. माय मिस्टेक. अगेन?"

मग मी सगळं भाषण पुन्हा केलं. म्हातारेही पुन्हा रडले. पंचा पिळला. पुन्हा ओंजळभर पाणी.

मी तपासणी विभागात काम करतो हो! दोन्ही वेळा तेवढंच पाणी कसं पडलं, एवढा तरी प्रश्न मला पडायला हवा होता की नाही?

शाल घातली. नारळ हातात दिला. त्यांनी तो डोक्यावर ठेवला आणि हात सोडून दिला. नारळ जागच्या जागी! मी म्हटलं, आपण प्रसाद कपाळाला लावतो, तशी यांची पद्धत असेल. इतक्यात ढोल वाजायला लागला. म्हाताऱ्यांनी माझा हात धरला आणि मला थेट मधल्या रिंगणात नेलं. आता हे उलट आपला सत्कार करणार, हे माझ्या लक्षात आलं. मी शर्ट नीट केला.

त्यांनी नारळ स्वतःच्या डोक्यावरून उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. दिवे आमच्यावर आले. मी श्वास रोखून उभा राहिलो. व्याह्यांनी दिलेला मान खाली पडू द्यायचा नाही, एवढं एकच डोक्यात. नारळ सोडून.

आणि मग त्या माणसाने काठी फेकली, पाठ ताठ केली आणि उभ्या जागी मागे कोलांटउडी मारली!

"अहो व्याही, जपून!" मी मराठीत ओरडलो आणि त्यांना झेलायला धावलो.

नारळ उडाला. तो त्यांनी पायाने झेलला. त्यांच्या अंगावरची शाल माझ्या पायात आली. मी घसरलो, गिरकी घेतली, एका ढोलावर आपटलो आणि फतकल मारून रिंगणाच्या बरोबर मध्यावर बसलो. हॉल कोसळला म्हणतात ना, तसा टाळ्यांनी कोसळला. म्हाताऱ्याने पांढऱ्या केसांचा टोप काढला. आतून पंचविशीतला पोरगा निघाला. त्याने माझा हात धरून वर केला आणि सगळीकडे फिरवला.

दारात सुनंदा उभी होती. तिच्या शेजारी आप्पेवाली बाई, तिच्या मागे विचेत, आणि केतकीच्या हातून बर्फाची पिशवी नुकतीच खाली पडलेली.

लंगडत लंगडत मी त्यांच्याकडे गेलो.

"बाबा, दॅट वॉज द क्लाऊन!"

"मग सोखा कुठे आहेत?"

केतकीने नुसतं बोट दाखवलं. कॅपवाले गृहस्थ अजून उभे होते. माझ्यावर फोन रोखून, आडवा धरून, शूटिंग चालूच.

"पण त्यांच्या गळ्यात पंचा कुठे आहे?"

"अहो, तो यांच्याकडे आहे," सुनंदाने आप्पेवाल्या बाईकडे हात केला. "भांडं धरायला घेतलाय. या विचेतच्या आई. आमचं सगळं बोलणं झालं. त्यांना मुलगी पसंत आहे. आता राहिले ते फक्त हे."

हे म्हणजे सोखा. ते जवळ आले आणि दोन्ही हातांनी अदबीने फोन मला परत दिला.

"अंकल," केतकी मेल्या आवाजात म्हणाली, "धिस इज माय फादर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रिंगणाकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग तो मितभाषी माणूस विचेतकडे वळला आणि ख्मेरमध्ये जो बोलायला लागला, तो थांबेचना. चेहरा उजळलेला. विचेतचे कान लाल होत चाललेले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं. "व्हॉट इज ही सेइंग?"

"ही सेज," विचेत माझी नजर चुकवत म्हणाला, "तुझे सासरे सर्कशीत आहेत, मग मला इंजिनिअर का सांगितलंस? इट्स गुड वर्क. ऑनेस्ट वर्क. व्हाय हाइड?"

"नो, नो, सर! आय अ‍ॅम अ‍ॅक्च्युअली..."

सोखांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नो शेम," ते मायेने म्हणाले. मग केतकीकडे बघून म्हणाले, "वेडिंग, ओके. आय वॉज अफ्रेड, बिग पीपल. नाऊ, ओके."

मी पुन्हा तोंड उघडलं. सुनंदाने माझ्या पायावर पाय दिला. दुखऱ्याच.

त्यानंतर विचेतने वडिलांना सगळं परत समजावून सांगितलं. माझा कारखान्यातला फोटोही दाखवला. ते ऐकत नाहीत. म्हणतात, "फॅक्टरीत मी जन्मभर इंजिनिअर बघितलेत. असं पडणं एकाला जमणार नाही. त्याला तालीम लागते." आता ते दर रविवारी जेवायला येतात, भरपूर गप्पा मारतात आणि मी पाण्याचा ग्लास आणायला उठलो तरी हसायच्या तयारीने बघत बसतात.

परवा मात्र मला राहवलं नाही. सुनंदाला म्हटलं, "या रविवारी मी त्यांना माझी डिग्री काढून दाखवणार."

"अहो, खबरदार! लग्न लागेपर्यंत गप्प बसा."

"पण मी खरंच इंजिनिअर आहे!"

"असाल हो," ती आप्प्यांचं पीठ ढवळत म्हणाली, "पण त्यांनी पसंत केलाय तो विदूषक."